टपालाने आलेली चूक

तर मंडळी, आज जाऊया १८४० च्या इंग्लंडमध्ये. त्या वर्षी तिथे पेनी पोस्ट सुरू झालं, म्हणजे एका पेनीत देशभर कुठेही पत्र. आयझॅक पिटमन या मास्तरांनी लगेच संधी साधली. १८३७ साली काढलेली आपली शॉर्टहँड ते आता टपालाने शिकवू लागले. विद्यार्थ्याने बायबलमधला उतारा शॉर्टहँडमध्ये लिहून पाठवायचा, चुका दुरुस्त होऊन तो परत यायचा. बस्स, एवढंच! पण माझ्या मते सगळी गंमत त्या परत येण्यात आहे.

आता थेट २०११. स्टॅनफर्डच्या फुकट एआय कोर्सला सेबॅस्टियन थ्रन आणि पीटर नॉर्विग शिकवायला. नावं नोंदवली सुमारे १,६०,००० जणांनी, पूर्ण केला साधारण २३,००० जणांनी. व्हिडिओ छोटे, मध्येच प्रश्न, तपासणार मशीन. भारी आयडिया होती, खोटं कशाला बोलू. पण इतक्यांच्या वह्या बघायला माणूस कुठून आणणार?

माझेही चार कोर्स अर्धवट पडलेत. पूर्ण झाला एकच, एसक्यूएलचा. तिथे एक ताई दर रविवारी माझ्या क्वेरीवर दोन ओळी लिहायच्या. एकदा लिहिलं, "जॉइन बरोबर आहे, पण टेबल न वाचताच लिहिलंयस." खरंच वाचलं नव्हतं.