चुकायला जागा हवी : तैलरंग, अमूर्त चित्र आणि नवशिके आपण



आजचा विषय कलेच्या इतिहासातला आहे, पण आपण तो एका अगदी घरगुती प्रश्नापासून सुरू करू. निवृत्तीनंतर, मुलंबाळं मार्गी लागल्यावर, पुष्कळ जणांना चित्र काढावंसं वाटतं. तैलरंगाच्या नळ्या आणल्या जातात, एखादा तयार कॅनव्हास येतो. आणि मग आपण म्हणतो, माणसाचा चेहरा काही या वयात आपल्याला साधायचा नाही; तेव्हा सरळ अमूर्तापासूनच सुरुवात करावी. ते बरं. त्यात चुकत काही नाही!

या शेवटच्या वाक्यापाशी आज थोडं थांबायचं आहे. त्यात चुकत काही नाही, हे खरं असेल तर मोठी पंचाईत होईल. जिथं काही चुकूच शकत नाही, तिथं काही बरोबरही येऊ शकत नाही. विट्गेनश्टाइननं खासगी भाषेच्या चर्चेत हाच मुद्दा मांडला होता: मला जे बरोबर वाटेल तेच बरोबर ठरणार असेल, तर ‘बरोबर’ या शब्दाला काही अर्थच उरत नाही. आणि चुकीला जागा नसेल तर शिकण्यालाही नाही. मग वर्षभर रंग वापरूनही आपण होतो तिथंच राहणार. म्हणून प्रश्न असा आहे की समोर वस्तू नसताना चित्रातली चूक ओळखायची कशी? अमूर्त चित्रकलेच्या आरंभी जी माणसं उभी होती, तीही या अर्थानं नवशिकीच होती. त्यांनी काय केलं ते पाहू.

आधी माध्यमाकडे वळू, कारण तैलरंगाचा या प्रश्नाशी जवळचा संबंध आहे.

तैलरंगाचा शोध यान व्हान आयक या फ्लेमिश चित्रकारानं लावला, असं वाझारीनं सोळाव्या शतकात लिहून ठेवलं आणि ते बराच काळ खरं मानलं गेलं. पण बाराव्या शतकातल्या थिओफिलसच्या ग्रंथात तेलात रंग खलण्याची कृती आहे. अफगाणिस्तानातल्या बामियानच्या लेण्यांमध्ये सातव्या शतकाच्या सुमाराच्या भित्तिचित्रांत सुकणारं तेल वापरल्याचं २००८ मध्ये जाहीर झालं. म्हणजे व्हान आयक पहिला नव्हे. त्यानं आणि त्याच्या काळच्या चित्रकारांनी या माध्यमाची ताकद ओळखली, एवढं निश्चित.

ही ताकद कशात आहे? तैलरंग म्हणजे मुख्यतः रंगाची पूड आणि जवसाचं तेल. आपल्याकडे ज्या जवसाची चटणी करतात, तेच जवस. हे तेल पाण्यासारखं उडून जाऊन सुकत नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेतं आणि हळूहळू घट्ट होतं. पातळ थराला काही दिवस लागतात, जाड थराला कित्येक महिने. ओल्या गिलाव्यावर काम करणाऱ्या इटलीतल्या भित्तिचित्रकाराला ही सवलत नव्हती. त्या दिवशीचा गिलावा सुकायच्या आत तेवढा भाग संपवायचा. चुकलं तर गिलावाच खरवडून काढायचा. तैलरंगात मात्र पुसता येतं, खरवडता येतं, दुसऱ्या दिवशी वरून फिरवता येतं. टिशियन, रेम्ब्राँ यांच्या चित्रांचे क्ष-किरण काढले तर खाली वेगळ्या जागी असलेला हात सापडतो, बदललेली मान सापडते. कलेच्या इतिहासात अशा जागांना एक इटालियन नाव आहे, पेंटिमेंटो. त्याचा मूळ अर्थ पश्चात्ताप! ज्या माध्यमाच्या परिभाषेतच पश्चात्तापाला जागा आहे, ते नवशिक्यासाठी वाईट कसं असेल?

पूर्वी हे रंग कार्यशाळेत खलून डुकराच्या मूत्राशयाच्या पिशव्यांत भरून ठेवत. १८४१ मध्ये जॉन रँड या अमेरिकन चित्रकारानं दाबता येणाऱ्या कथलाच्या नळीचं पेटंट घेतलं. त्यामुळे रंग खिशात घालून कुणीही शेतात, नदीवर जाऊ शकलं. कार्यशाळेत उमेदवारी न केलेल्या हौशी माणसाला तैलरंग हाती घेता आला, तो या नळीमुळे.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. १७९० च्या दशकात जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुण्यात होता. त्यानं सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचं मोठं तैलचित्र केलं. ते लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे. त्याच सुमारास इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या पुढाकारानं पुण्यात चित्रकलेचं शिक्षण सुरू झालं आणि त्यातून गंगाराम तांबट पुढे आला. त्यानं वेरूळच्या लेण्यांची रेखाटनं केली.

पुढे त्रावणकोरच्या दरबारात तरुण रविवर्म्याला तैलरंग शिकायचा होता. दरबारचे चित्रकार रामस्वामी नायडू यांनी शिकवायला नकार दिला, असं त्याची चरित्रं सांगतात. १८६८ मध्ये थिओडोर जेन्सन हा युरोपीय चित्रकार दरबारात आला. त्यानंही शिकवलं नाही. फक्त बसून पाहायची परवानगी दिली. रविवर्मा पाहत राहिला, घरी जाऊन करत राहिला, चुकत राहिला. गुरू नसताना त्याला आपली चूक कळत कशी होती? समोर माणूस बसलेला होता म्हणून. नाक जास्त लांब झालं तर ते कुणालाही दिसतं. १८५७ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्येही पिढ्यान् पिढ्या असंच शिक्षण चाललं: आधी प्लास्टरचे पुतळे, मग वस्तू, मग जिवंत मॉडेल. चित्राला बाहेरचा एक साक्षीदार असे, आणि विद्यार्थी चुकला की तो साक्ष देई.

अमूर्त चित्रकलेनं हा साक्षीदारच घरी पाठवला. मग पंचाईत झाली नसेल का? झाली. वासिली कांडिन्स्कीचं उदाहरण घ्या. हा मॉस्कोत कायदा आणि अर्थशास्त्र शिकलेला माणूस. १८९६ मध्ये, तिसाव्या वर्षी, विद्यापीठातली चालून आलेली जागा नाकारून तो चित्रकला शिकायला म्युनिकला गेला. तिथं आपल्यापेक्षा लहान विद्यार्थ्यांबरोबर तो मॉडेल पाहून रेखाटनं करू लागला. मॉस्को सोडण्याच्या सुमारास त्यानं एका प्रदर्शनात मोनेचं गवताच्या गंजीचं चित्र पाहिलं होतं. ती गंजी आहे हे त्याला सूचिपत्र वाचल्यावर कळलं, आणि वस्तू ओळखू न येताही चित्र मनातून जाईना, याचा त्याला त्रास झाला.

पुढची गोष्ट त्यानंच आठवणींत लिहिली आहे. एका संध्याकाळी तो आपल्या चित्रशाळेत आला, तर भिंतीशी एक अपूर्व सुंदर चित्र. त्यात वस्तू कुठलीच कळेना. जवळ जाऊन पाहतो तर ते त्याचंच चित्र, आडवं ठेवलेलं! ही गोष्ट बहुतेक लोक इथंच संपवतात: बघा, उलटंसुलटं ठेवलं तरी चित्र होतं. पण पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. दुसऱ्या दिवशी उजेडात त्यानं तोच परिणाम पुन्हा साधायचा प्रयत्न केला, आणि तो पुरता साधला नाही. म्हणजे काय? वस्तू न ओळखताही, कालचं आणि आजचं यात फरक आहे हे त्याला दिसत होतं. कालच्यात काहीतरी जुळलं होतं, आज जुळत नव्हतं. चूक म्हणायला जागा शिल्लक होती. साक्षीदार आता चित्राच्या आत आला होता.

हा आतला साक्षीदार सहजासहजी बोलत नाही. १९१३ मधलं ‘कंपोझिशन सात’ हे कांडिन्स्कीचं चित्र दोन मीटर उंच आणि तीन मीटर रुंद आहे. ते त्यानं नोव्हेंबरअखेर चार दिवसांत रंगवलं. पाहणाऱ्याला तो रंगांचा नुसता स्फोट वाटतो. पण त्याआधी त्यानं तीसहून जास्त रेखाटनं, जलरंग आणि तैलरंगातले अभ्यास केले होते. चार दिवसांच्या मागे हा सगळा हिशेब उभा आहे.

मोंद्रियानचा मार्ग दुसरा. त्याचं लाल झाड, मग १९११ मधलं करडं झाड, मग १९१२ मधलं फुललेलं सफरचंदाचं झाड ओळीनं पाहिलं, तर फांद्या हळूहळू वक्र रेषा होत जातात आणि झाड दिसेनासं होतं. तो एकेक गोष्ट काढत गेला, आणि प्रत्येक वेळी उरलेलं उभं राहतं का, हे तपासत गेला. इंग्रजीतल्या ‘ॲब्स्ट्रॅक्ट’ या शब्दाच्या मुळाशीही ओढून वेगळं काढणं हाच अर्थ आहे. आपला ‘अमूर्त’ शब्द इथं थोडी फसगत करतो. त्यात नकार आहे, म्हणून आपल्याला वाटतं की तिथं काही नाहीच. पण काढायला आधी काहीतरी असावं लागतं. स्वीडनची हिल्मा आफ क्लिंट १९०६ पासूनच, म्हणजे कांडिन्स्कीच्याही आधी, अमूर्त चित्रं करत होती; पण तीही स्टॉकहोमच्या अकादमीत पाच वर्षं रीतसर शिकलेली होती.

आता आपले दोन चित्रकार. सय्यद हैदर रझा नागपूरला आणि मग जे. जे.त शिकले, निसर्गचित्रांत नाव मिळवलं. १९४८ मध्ये काश्मीरमध्ये छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ यांनी त्यांची चित्रं पाहिली आणि सांगितलं: तुमच्यात गुण आहे, पण चित्रात बांधणी नाही, सेझानचा अभ्यास करा. ही चूक ‘झाड झाडासारखं दिसत नाही’ अशी नव्हती. चित्रातले भाग एकमेकांना धरून नाहीत, अशी होती. रझांनी ती मनावर घेतली आणि १९५० मध्ये ते फ्रान्सला गेले. बिंदू त्यांच्या चित्रात ठाम बसला तो त्यानंतर पाव शतक उलटल्यावर. तो एक ठिपका पाहून ‘हे तर आपणही काढू’ म्हणताना ही मधली वर्षं विसरायची नाहीत.

दुसरे वासुदेव गायतोंडे. गोव्याच्या घराण्यातले, १९२४ मध्ये नागपुरात जन्मलेले, जे. जे.त शिकलेले. पौल क्लेच्या रेषेनं भारलेल्या मानवाकृती त्यांनी आधी केल्या. पुढे वस्तू पूर्ण गेली. गायतोंड्यांना स्वतःच्या चित्रांना ‘अमूर्त’ म्हटलेलं आवडत नसे. ते ‘वस्तुनिरपेक्ष’ या अर्थाचा शब्द पसंत करत. फरक बारीक आहे, पण खरा आहे. मोंद्रियान झाडातून काढत गेला. गायतोंड्यांच्या चित्रामागे काढून घ्यायला झाडही नाही. मग तपासणी कुठे? ती रंगाच्या थरांत. रोलरनं, पॅलेट नाइफनं रंग चढवायचा, काढायचा, पुन्हा चढवायचा, आणि मधे थांबून पाहत राहायचं. वर्षाला त्यांची मोजकीच चित्रं पूर्ण होत. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन झालं. वर्षाला मोजकी चित्रं याचा अर्थ आपण असा घ्यावा की पुष्कळ गोष्टींना त्यांनी ‘अजून नाही’ असं म्हटलं असणार.

तर मग आपण सुरुवात कशी करायची? इतिहासातून निघणाऱ्या काही साध्या गोष्टी सांगतो.

रंग कमी घ्या. पांढरा, पिवळी माती, बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन निळा, एवढे चार पुष्कळ झाले. अंबर आणि निळा मिळून जवळजवळ काळा होतो. वेगळा काळा लागत नाही. कॅनव्हासला अस्तर दिलेलं असावं, नाहीतर तेल कापड कुजवतं. खालच्या थरात तेल कमी, वरच्यात जास्त, हा नियम पाळा. उलटं केलं तर वरचा थर आधी सुकतो, खालचा हलत राहतो आणि भेगा पडतात. टर्पेंटाइन वापरताना खिडकी उघडी हवी. आणि जवसाच्या तेलानं भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या आपोआप तापतात आणि पेटतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

मग समोर एक वस्तू ठेवा. तांब्या, दोन कांदे, काहीही. ती एकदा जमेल तशी काढा. दुसऱ्या कॅनव्हासवर तीच, पण एक गोष्ट वगळून. कडा वगळा, किंवा सावली वगळा. तिसऱ्यावर आणखी एक. प्रत्येक वेळी स्वतःला विचारा: जे काढलं त्यावाचून चित्र उभं आहे का? नसेल तर ते परत आणा. अशा पाचसहा चित्रांनंतर वस्तू उरणार नाही, पण प्रश्न विचारायची सवय उरेल. चित्र आडवं करून पाहा, उलटं करून पाहा. रात्री भिंतीकडे तोंड करून ठेवा आणि आठवड्यानं वळवा. तैलरंग तेवढा वेळ देतो. घाई आपल्यालाच असते.

कुणी म्हणेल, आमच्याकडे आता कांडिन्स्कीसारखी वर्षं कुठली? बरोबर आहे, नाहीत. पण आपल्याला गुगेनहाइममध्ये जायचं नाही. महिन्याभरापूर्वीच्या आपल्याच चित्रात काय चुकलं, हे आज दिसलं तर या महिन्यात आपण शिकलो. सत्तरीतही हे घडू शकतं. ‘यात चुकत काही नाही’ असं म्हणून आपण नेमकी हीच शक्यता स्वतःपासून काढून घेतो. ती काढू नये, एवढंच आजचं म्हणणं.

इथं थांबू. आता आपले प्रश्न घेऊ.