कृमिभक्षक कवकांद्वारे कृमिनियंत्रण (प्राणिसंग्रहालये)

प्राणिसंग्रहालयातील तृणभक्षी प्राण्यांना खाद्यातून विशिष्ट कवकांचे (बुरशींचे) बीजाणू देऊन त्यांच्या विष्ठेतील परजीवी कृमींच्या अळ्या व अंडी नष्ट करणे ही जैविक कृमिनियंत्रणाची एक पद्धत आहे. यासाठी मुख्यतः डडिंग्टोनिया फ्लॅग्रन्स हे कवक वापरतात.

पार्श्वभूमी

जठर व आतड्यांतील गोलकृमींची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात. त्यांतून निघालेल्या अळ्या तिसऱ्या अवस्थेत संसर्गक्षम होतात, ओलसर गवतावर चढतात आणि चरणाऱ्या प्राण्याच्या पोटात जातात. रानातील कळप पुढे सरकत राहतात. बंदिस्त आवारातील प्राणी मात्र त्याच जमिनीवर वर्षानुवर्षे चरतात. त्यामुळे कृमिनाशक औषध देऊनही पुन्हा संसर्ग होतो आणि औषधाच्या वारंवार वापराने कृमींमध्ये प्रतिरोध निर्माण होतो. जठरात रक्त शोषणारा हिमॉन्कस कन्टॉर्टस हा कृमी याचे ठळक उदाहरण असून बंदिस्त जिराफांमध्ये तो रक्तक्षयास कारणीभूत ठरतो. शिवाय वन्य प्राण्यांना वजनाप्रमाणे अचूक मात्रा देणे अवघड असते.

कार्यपद्धती

कवके जिवंत कृमींना पकडतात, हे जर्मन शास्त्रज्ञ फ्रीडरिख विल्हेल्म त्सोप्फ यांनी १८८८ मध्ये आर्थ्रोबॉट्रिस ऑलिगोस्पोरा या जातीत दाखवून दिले. डडिंग्टोनियाचे जाड भिंतीचे बीजाणू पचनमार्गातून सुखरूप बाहेर पडतात व विष्ठेत रुजतात. त्यांचे तंतू चिकट जाळी विणतात. जाळ्यात सापडलेल्या अळीच्या शरीरात तंतू शिरतात आणि तिच्यातील पोषकद्रव्ये शोषून घेतात.

प्राणिसंग्रहालयांतील वापर

स्पेनमधील लुगो प्रांतातील मार्सेये नातुरेसा या प्राणिउद्यानात सान्तियागो दे कोम्पोस्तेला विद्यापीठाच्या संशोधकांनी कवकबीजाणूयुक्त खाद्यगोळ्यांचे प्रयोग केले. त्यांत डडिंग्टोनियासोबत म्यूकर सर्सिनेलॉइडिस हे अंडी नष्ट करणारे कवकही वापरले गेले. फ्लोरिडातील डिस्नेज अ‍ॅनिमल किंग्डम येथेही समखुरी प्राण्यांच्या विष्ठेतील अळ्यांवर डडिंग्टोनियाचा अभ्यास झाला आहे.

मर्यादा

हे कवक प्राण्याच्या शरीरातील प्रौढ कृमींना मारत नाही. म्हणून आजारी प्राण्याला औषध द्यावेच लागते. ज्या कृमींची अळी अंड्यातून बाहेर न पडता अंड्यातच संसर्गक्षम होते, त्यांच्यावर जाळ्यांचा उपयोग होत नाही. तेथे अंडीनाशक कवकांची जोड लागते. बीजाणू प्रत्येक विष्ठेत पोहोचावेत यासाठी संसर्गाच्या काळात ते नियमितपणे खाऊ घालावे लागतात. कळपात दुबळ्या प्राण्याला पुरेसे खाद्य न मिळाल्यास त्याच्या विष्ठेतील अळ्या जिवंत राहतात व सर्वांनाच धोका उरतो. म्हणून ही पद्धत विष्ठेची नियमित तपासणी, आवाराची स्वच्छता आणि औषधांचा मोजका वापर यांना पूरक मानली जाते.