घरचे इंजिन, परका खेळ

व्हिडिओ गेम पडद्यावर दिसतो तो वरचा थर. खाली जो कोड चित्र रंगवतो, आवाज जोडतो, भिंतीला धडकलेल्या पात्राला अडवतो आणि पुढचा नकाशा वेळेत मेमरीत आणून ठेवतो, त्याला गेमवाले इंजिन म्हणतात. हे इंजिन एकदा घरात तयार झाले की त्यावर नेमबाजीपासून फुटबॉलपर्यंत काहीही उभे करावे, बाहेरच्याला परवान्याचे पैसे देऊ नयेत आणि एका स्टुडिओने शिकलेले दुसऱ्याच्या कामी यावे, हा हिशेब कागदावर बिनचूक दिसतो. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स, म्हणजे ईए, या कंपनीने २०१० नंतरच्या दशकात तो मांडून पाहिला. पुढे जे बिनसले त्याचे खापर बहुतेकांनी ‘फ्रॉस्टबाइट’ या इंजिनावर फोडले. मला ते अर्धेच खरे वाटते. इंजिन एका प्रकारच्या खेळातून दुसऱ्या प्रकारात रुळते की नाही, हे कोडपेक्षाही एका साध्या गोष्टीवर ठरते: इंजिन लिहिणारे कोणाच्या अडचणीला आधी उठतात?

फ्रॉस्टबाइट जन्मले ईएच्या स्टॉकहोममधल्या डाइस या स्टुडिओत, आणि २००८ साली ‘बॅटलफिल्ड : बॅड कंपनी’ घेऊन बाहेर आले. रणगाड्याचा गोळा लागला की घराची भिंत खरोखर ढासळते, ही त्याची मिजास. बॅटलफिल्डला हवे होते ते सगळे त्यात होते: विस्तीर्ण मैदान, वाहने, स्फोट, बंदुकीच्या मागून दिसणारे जग. ईएच्याच बायोवेअर या स्टुडिओने ‘ड्रॅगन एज : इन्क्विझिशन’ या भूमिकाप्रधान खेळासाठी हेच इंजिन घेतले, तेव्हा जे नव्हते ते ठळक झाले. भूमिकाप्रधान खेळात खेळाडू पन्नास-साठ तास एकच पात्र वाढवतो. त्याची झोळी, अंगावरचे चिलखत, कोणाशी काय बोलणे झाले, कोणते दार उघडले, हे सगळे वाटेल तिथे थांबून जतन करता आले पाहिजे. नेमबाजीच्या खेळाला ठरलेल्या टप्प्यावरची नोंद पुरते, त्यामुळे असे जतन करण्याची सोयच इंजिनात नव्हती. झोळी नव्हती, संवादाची यंत्रणा नव्हती, पात्राला मागून पाहणारा कॅमेराही धड नव्हता.

त्यात घोडा. ‘घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं’ ही म्हण बायोवेअरइतकी शब्दशः कोणी भोगली नसेल. ‘इन्क्विझिशन’मधल्या घोड्याला टाच मारली की पडद्याच्या कडांना वेगाच्या रेषा उमटतात, दृश्य किंचित ताणले जाते आणि घोडा उधळल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात त्याचा वेग वाढतच नाही. घोडा खरोखर सुटला असता, तर पुढचा मुलूख तितक्या लवकर मेमरीत आणणे इंजिनाला जमले नसते, म्हणून ही हातचलाखी केल्याचे बनवणाऱ्यांनीच पुढे सांगून टाकले. कित्येक वर्षे बहुतेक खेळाडूंना पत्ताही नव्हता. कारागिरी म्हणून मला ही युक्ती फार आवडते, पण ती मुळात नाइलाजातून आलेली.

यावर कोणी म्हणेल, नाइलाज असेना का, २०१४ साली आलेल्या ‘इन्क्विझिशन’ला द गेम अवॉर्ड्समध्ये वर्षातल्या सर्वोत्तम खेळाचा मान मिळालाच ना? मिळाला. म्हणजे कोड वळवता येतो, हे सिद्धच झाले. मग त्याच बायोवेअरचे ‘मास इफेक्ट : अँड्रोमेडा’ (२०१७) आणि ‘अँथम’ (२०१९) का अडखळले? त्या काळाबद्दल पत्रकारांनी जे बाहेर आणले, त्यात एकच तक्रार फिरून फिरून येते. इंजिनाचे जाणकार मोजके, त्यांचा ठिय्या दूर, आणि त्यांच्या मदतीसाठी ईएचे सगळे स्टुडिओ रांगेत. २०१६ मध्ये ‘फिफा १७’ फ्रॉस्टबाइटवर आला आणि रांगेतले वजन बदलले. दरवर्षी ठरल्या वेळी येणारा आणि कंपनीची तिजोरी भरणारा खेळ आधी, बाकीचे नंतर. फुटबॉलचा खेळ या इंजिनावर जमला, म्हणजे इंजिन सर्वगुणसंपन्न, असा युक्तिवाद काही जण करतात. मला त्यात उलटा पुरावा दिसतो: ज्याच्या हाकेला ओ मिळाली, त्याचे जमले. इंजिन कोणावर लादले नव्हते, असे कंपनीच्या वरिष्ठांनी सांगितले आहे. ईएच्याच रिस्पॉन स्टुडिओने ‘स्टार वॉर्स जेडाय : फॉलन ऑर्डर’ बाहेरच्या, एपिक कंपनीच्या अनरिअल इंजिनवर केला, हे पाहता ते मानायला हरकत नाही. पण स्वखुशीने लागले तरी रांग ती रांगच.

ॲम्स्टरडॅमच्या गुरिल्लाची गोष्ट यासमोर ठेवावी. ‘किलझोन’सारखे अरुंद, करड्या रंगाचे नेमबाजीचे खेळ करणाऱ्या या स्टुडिओने त्या खेळांच्याच इंजिनाच्या वंशातून २०१७ मध्ये ‘होरायझन झीरो डॉन’ काढला: उघडे जग, गवताळ कुरणे, यांत्रिक प्राणी. उडी काही लहान नव्हती. पण इंजिनवाले आणि खेळवाले एकाच घरातले, आणि हाती खेळही तोच. कथेसाठी ‘फॉलआउट : न्यू व्हेगस’चे लेखक जॉन गोन्झालेझ आणले, म्हणजे नव्या प्रकारातली माणसेही घेतली. पुढे जपानी गेमकार हिदेओ कोजिमांनी ‘डेथ स्ट्रँडिंग’साठी हे इंजिन घेतले, तेव्हा गुरिल्लाने करारावर सही होण्याआधीच सोर्स कोड खोक्यात घालून त्यांच्या हाती दिला. कोजिमांनीही आपली माणसे ॲम्स्टरडॅमला बसवली. नागासाकीतल्या डच वखारीच्या बेटावरून, देजिमावरून, इंजिनाला ‘डेसिमा’ हे नाव पडले. परक्या प्रकारच्या खेळाला इथे रांगेत उभे राहावे लागले नाही.

मग कोडची मर्यादा असे काही नसतेच का? असते. कॅपकॉम या जपानी कंपनीचे आरई इंजिन ‘रेसिडेंट ईव्हिल ७’च्या कोंदट खोल्यांतून निघून ‘डेव्हिल मे क्राय ५’ आणि ‘स्ट्रीट फायटर ६’पर्यंत सुखाने गेले. २०२४ च्या ‘ड्रॅगन्स डॉग्मा २’मध्ये मात्र गजबजलेल्या शहरात पाऊल टाकताच खेळ रखडू लागला. प्रत्येक पात्राच्या हालचालीचा हिशेब प्रोसेसरवर पडतो, असे कंपनीनेच सांगितले. मूळचा वारसा असा कुठेतरी डोके वर काढतोच. फरक इतकाच, की त्या वेळी दुरुस्ती करणारे हाताशी असले तर ती अडचण राहते, नसले तर संकट होते. अनरिअलही १९९८ च्या एका नेमबाजीच्या खेळातूनच आले. ते सर्वांचे झाले, कारण एपिकला ते बाहेरच्यांना विकायचे होते, आणि गिऱ्हाईक म्हटले की कागदपत्रे, अवजारे आणि मदत द्यावीच लागते. घरच्या माणसाला तो मान क्वचित मिळतो. बायोवेअरने २०२४ चा ‘ड्रॅगन एज : द व्हेलगार्ड’ फ्रॉस्टबाइटवरच केला; पुढच्या ‘मास इफेक्ट’साठी मात्र अनरिअल ५ निवडले आहे.