अत्तर गोळा करणाऱ्या माश्या

मंडळी, इतिहास म्हटला की लढाया आणि तह आठवतात. पण एखाद्या साध्या प्रश्नालाही इतिहास असतो. ज्या फुलात मध नाही, तिथे माशी जाते कशाला?

मध्य व दक्षिण अमेरिकेच्या जंगलांत ऑर्किड माश्या असतात. हिरव्या-निळ्या, धातूसारख्या चकाकणाऱ्या; सुमारे २५० जाती. आपल्याकडे त्या नाहीत. त्रिनिदादच्या वनस्पती उद्यानाचे संचालक हर्मन क्र्यूगर यांनी त्या ऑर्किडच्या पाकळीशी झटताना पाहिल्या आणि त्या पाकळीचा गर कुरतडतात, असे लिहिले. १८६४ साली ते वारले. डार्विनसाहेबांनी त्यांची निरीक्षणे आपल्या लेखनात घेतली, आणि पुढे कितीतरी वर्षे हेच उत्तर चालले. मोठ्या नावाचा शिक्का बसला की असेच होते! (शिक्षकांच्या खोलीतही मी हे पाहिले आहे.)

पण गर खायचा तर माद्यांनीही यायला हवे. येतात ते फक्त नर. १९६० च्या दशकात स्टेफान फोगेल या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने दाखवून दिले, की हे नर चक्क सुगंध गोळा करतात. पुढे कळलेली कृती तर ऐकण्यासारखी आहे. नर डोक्यातल्या ग्रंथीतून तेलकट द्रव फुलावर सोडतो. त्यात वास विरघळला की पुढच्या पायांच्या केसांनी तो टिपतो आणि मागच्या पायांच्या फुगीर पोकळीत साठवतो. फ्रान्समधले अत्तरवाले चरबीवर फुले पसरून सुगंध उतरवीत, आपल्याकडे तिळात फुले मुरवून फुलेल काढीत. तीच युक्ती.

कॅलवे डॉडसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली दाखवले, की फुलांतले एकेक रसायन नुसते ठेवले तरी नर येतात. निलगिरीतले सिनेओल, लवंगेतले युजेनॉल, आणि मिथाइल सॅलिसिलेट, म्हणजे आम्ही म्हातारे गुडघ्यांना चोळतो त्या मलमाचा वास! असो.

हे सगळे कशासाठी? नर झाडाच्या खोडापाशी पंख फडफडवून तो साठा हवेत उधळतात, तेव्हा माद्यांसाठी असणार, असा तर्क होता. पुरावा मिळाला २०२३ साली. पिंजऱ्यात काही नरांना सुगंध दिला, काहींना नाही. सुगंधवाल्यांना संतती जास्त झाली.

यातली एक जात फ्लोरिडात पोहोचून रुजली आहे. तिथे तिची नेहमीची ऑर्किडे नाहीत. नर इतर झाडांवरून सुगंध मिळवतात. तिकडे राहणाऱ्यांपैकी कुणाच्या बागेत अशी हिरवी माशी दिसली, तर जरूर कळवा.