तीन कॅमेरे, एक दुल्हन

मागच्या महिन्यात शाळेच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ करून घ्यायला वलगाव रोडवर गेलो होतो. दुकान माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याचं. दहा बाय दहाची खोली, दोन कॉम्प्युटर आणि लग्नांची रांग. पडद्यावर एका निकाहचं काम चाललं होतं. मला बसायला खुर्ची देत तो म्हणाला, "सर, देखो ना, तीन कैमरे में तीन दुल्हन दिख रही."

खरंच तसं होतं. एका कॅमेऱ्यात दुपट्टा लाल, दुसऱ्यात नारिंगी, तिसऱ्यात जांभळ्याकडे झुकलेला. कॅमेरे तीन कंपन्यांचे, शिवाय तिन्ही ऑटोवर ठेवलेले. हॉलमध्ये पिवळे हॅलोजन, बाजूला पांढरे एलईडी आणि वर मंडपाचं हिरवं कापड. हॅलोजनचा उजेड साधारण ३२०० केल्विनचा, दुपारच्या उन्हाचा ५६०० च्या आसपास. ऑटोवरचा कॅमेरा समोर दिसेल त्यावरून पांढरं काय ते स्वतःच ठरवतो आणि माणसं हलली की मत बदलतो. तिन्ही कॅमेरे एकाच केल्विनवर हाताने लावले असते, तर पोराची निम्मी रात्र वाचली असती.

पण मी इतिहासात रमणारा माणूस. मला वाटलं, हे दुखणं आजचं नाही.

१९३३ साली प्रभात कंपनीने 'सैरंध्री' रंगीत करायचा घाट घातला. छपाई जर्मनीत झाली, पण रंग मनासारखे उतरले नाहीत. मग १९३७ मध्ये अर्देशिर इराणींच्या इंपीरियल कंपनीचा 'किसान कन्या' आला. त्याच्या लेखनात सआदत हसन मंटो होते, हे आमच्या उर्दूवाल्यांना आवर्जून सांगावंसं वाटतं. सिनेकलर नावाची ती पद्धत दोनच रंगांवर चालायची: एक तांबूस-नारिंगी, एक निळसर-हिरवा. शेतकऱ्याच्या कथेत अस्सल हिरवं शिवार दाखवायची ताकद त्या पद्धतीत नव्हती. मेहबूब खान यांनी 'आन' (१९५२) १६ मिलिमीटरच्या रंगीत फिल्मवर चित्रित केला आणि टेक्निकलरमधून ३५ मिलिमीटरवर मोठा करून घेतला.

पुढे पोस्टरवर ईस्टमनकलर, गेवाकलर, ऑर्वोकलर अशी नावं झळकू लागली. चित्रपट-व्यापारात आजही आपल्या भागाला 'सी. पी. बेरार' म्हणतात आणि अमरावती हे त्याचं वितरणाचं ठाणं. आमच्या लहानपणी ती नावं जणू नटांच्याच यादीत असल्यासारखी आम्ही वाचायचो. प्रत्यक्षात ती कच्च्या फिल्मची नावं. प्रत्येक फिल्मचा लाल वेगळा, त्वचा वेगळी.

ते जुळवायचं काम लॅबमध्ये व्हायचं. पॉझिटिव्ह छापताना तांबडा, हिरवा आणि निळा असे तीन उजेड वेगवेगळे कमी-जास्त करायचे. प्रत्येकाची पट्टी साधारण पन्नास अंशांची. ग्रेडर शॉटमागून शॉट बघत आकडे लिहायचा. सकाळी घेतलेला शॉट आणि संध्याकाळचा शॉट एकमेकांशेजारी आला की डोळ्याला खुपू नये, एवढीच त्याची कामगिरी. नीट जमली तर कुणाच्या लक्षातही यायची नाही.

'मुग़ल-ए-आज़म' ५ ऑगस्ट १९६० ला मुंबईच्या मराठा मंदिरात लागला, तेव्हा तो बहुतांश काळा-पांढराच होता. शीशमहलातलं गाणं आणि थोडा भाग तेवढा टेक्निकलर. छायाचित्रकार आर. डी. माथुर यांना आरशांतून परतणाऱ्या उजेडाशी झुंजावं लागलं. मला त्याहून रंजक वाटतं ते २००४ चं. त्या वर्षी नोव्हेंबरात अख्खा चित्रपट रंगवून पुन्हा प्रदर्शित झाला. आता कॉम्प्युटरवर रंगवलेला दरबार मूळच्या रंगीत शीशमहलाशेजारी उभा राहणार होता. त्रेचाळीस-चव्वेचाळीस वर्षांचं अंतर आणि अनारकली मात्र तीच दिसायला हवी. माझ्या विद्यार्थ्याचीच अडचण, फक्त थाट शाही.

टीव्हीने हे काम तात्काळ करायला लावलं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, काळं-पांढरं. रंग आले १९८२ मध्ये, आशियाई खेळांच्या वर्षी. स्टुडिओत तीन कॅमेरे एकाच वेळी चालू, कापाकापी तिथल्या तिथे. लॅबमध्ये नेऊन सुधारायची सोय नाही. म्हणून कार्यक्रमाआधी सगळे कॅमेरे एकाच तक्त्याकडे वळवायचे आणि कंट्रोल रूममधल्या इंजिनियरने काळा, पांढरा, रंग एकेक करून जुळवायचे. आज २४ चौकटींचा जो रंगतक्ता सगळीकडे दिसतो, तो १९७६ मधला.

आता खरी गोम. तक्त्याआधी प्रमाण म्हणून काय धरत? चेहरा. फिल्मच्या रिळाच्या तोंडाशी एका बाईचे काही फ्रेम जोडलेले असत, त्यावरून लॅबवाले रंग लावत. फोटोच्या लॅबमध्ये कोडॅकचं 'शर्ली कार्ड' असे. ही शर्ली बहुतेक गोरी. तिची त्वचा नीट आली म्हणजे मशीन बरोबर. सावळा माणूस त्या हिशेबात बसवलाच नव्हता. वेगवेगळ्या वर्णांचे चेहरे असलेली कार्डं आली ती १९९० च्या दशकात. तोवर आपल्या किती आई-आजींचे लग्नाचे फोटो त्या शर्लीच्या हिशेबाने छापले गेले असतील!

गंमत अशी की वेक्टरस्कोप हे यंत्र वेगळीच साक्ष देतं. त्याच्या गोल पडद्यावर त्वचेसाठी एक तिरकी रेषा असते. गोरा असो, काळा असो, माणसाच्या त्वचेचा ठिपका साधारण त्याच रेषेजवळ पडतो. फरक पडतो तो उजेडात आणि रंगाच्या गडदपणात. रंगाची जात एकच. सूरह रूममध्ये भाषांच्या आणि रंगांच्या वेगळेपणाला अल्लाहची निशाणी म्हटलं आहे. त्याची आठवण मला ती रेषा बघताना झाली, हे लपवत नाही.

आमच्या दुकानातल्या निकाहचं घोडं तिथेच अडलं होतं. मुलीच्या घरून निरोप होता, "थोडी गोरी कर देना." मुलगी सावळी, छान दिसणारी. पोरगा म्हणाला, "सर, पैसे वो दे रहे."

मी म्हटलं, "आधी जुळव तर खरं."

त्याने स्टेजसमोरचा कॅमेरा प्रमाण धरला. बाकी दोघांचे काळे आणि पांढरे त्याच्याशी बसवले, मग काजीसाहेबांच्या पांढऱ्या कुर्त्यावरून पिवळेपणा काढला, मग दुपट्टा. शेवटी फक्त चेहऱ्याचा भाग घेऊन ठिपका त्या रेषेवर आणला. उजेडाला हात लावला नाही. चारशेच्या वर शॉट होते; मी मगरिबच्या अज़ानपर्यंत थांबलो तरी निम्मेसुद्धा झाले नव्हते.

दोन दिवसांनी शाळेचा व्हिडिओ आणायला गेलो, तेव्हा मुलीच्या खालाजान दुकानात बसल्या होत्या. त्यांनी पाच-सात मिनिटं पाहिलं आणि म्हणाल्या, "हाँ, दुपट्टा अब सही लाल है." चेहऱ्याबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत. पेनड्राइव्ह पर्समध्ये टाकला आणि वलिमाचा व्हिडिओ कधी मिळेल ते विचारून गेल्या.