वस्तूरूपात दिलेली देणगी आणि आयकरातील वजावट

रमजानमध्ये धान्याच्या गोण्या, थंडीत ब्लँकेट, बकरी ईदला कुर्बानीची कातडी. आपल्याकडे मदरसे आणि संस्थांना बरीच मदत वस्तूंच्या रूपात मिळते. पण तिच्यावर आयकरात वजावट मिळत नाही. 1961च्या आयकर कायद्याच्या कलम 80जी नुसार देणगी पैशातच असावी लागते. 10,000 रुपयांचा तांदूळ घेऊन दिला आणि दुकानाचं बिल जोडलं, तरी उपयोग नाही.

तेच 10,000 पात्र संस्थेच्या खात्यात चेक किंवा यूपीआयने भरले, तर मर्यादेत राहून साधारणपणे निम्मी रक्कम वजा होते. रोख 2,000 च्या वर दिल्यास वजावट नाही. नवी करप्रणाली घेतली असेल तरीही नाही. संस्थेला 80जी ची मंजुरी आहे का, हे आधीच विचारा. फक्त एकाच धर्माच्या लोकांसाठी काढलेल्या संस्थेला ती सहसा मिळत नाही.

संस्थेने वर्षभराच्या देणग्या 31 मेपर्यंत 10बीडी फॉर्ममध्ये कळवायच्या. त्यात रोख, वस्तू, ऑनलाइन असा प्रकार लिहावा लागतो. उशिराला दिवसाला 200 रुपये शुल्क. त्यानंतर देणगीदाराला 10बीई प्रमाणपत्र द्यायचं. ते नसेल तर दावा अडकतो.

1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा लागू असल्याने त्यानंतरच्या देणग्यांसाठी कलम आणि फॉर्मचे क्रमांक सीएकडून तपासून घ्या.

वस्तू देण्याचा सवाब याने कमी होत नाही. फक्त ती रिटर्नमध्ये वजावट म्हणून दाखवू नका. चुकीचा दावा निघाला तर करासोबत व्याज आणि दंडही भरावा लागू शकतो.