पटाची किंमत कुणी ठरवली?

डिसेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्र केसरी स्पर्धा जालन्यात झाली. अंतिम लढतीत माती विभागातून आलेल्या बाला रफिक शेखने गादी विभागातून आलेल्या, आदल्या वर्षीच्या विजेत्या अभिजित कटकेला ११-३ असं हरवलं. कुंडलिका नदीपलीकडच्या जुन्या जालन्यापर्यंत निकाल पोचला तो आकड्यांत. एखाद्या जुन्या शौकिनाने मात्र आधी विचारलं असतं, ‘पाठ लागली का?’

या दोन हिशेबांमधला फरक पाहायला एकेरी पट हा डाव पुरेसा आहे. खाली झुकायचं, समोरच्याचा पाय धरायचा, तोल मोडायचा. डाव फार जुना. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने ‘मानसोल्लासा’त मल्लविनोदावर प्रकरण लिहिलं, तेव्हाही कुस्ती दरबारात बारकाईने पाहायची गोष्ट होती.

पण निकाली कुस्तीत पट म्हणजे नुसती सुरुवात. गडी खाली आला तरी पालथा पडून माती धरून बसला, की घिस्सा मारा, स्वारी भरा, काहीही करून त्याला चीत करा; तोवर पदरात काही नाही. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये गामाने झ्बिस्कोला पहिल्याच मिनिटात खाली घेतलं. मग तो बलदंड पोलिश मल्ल अडीच तासांहून अधिक वेळ जवळजवळ गादीला चिकटून राहिला आणि कुस्ती बरोबरीत सुटली. आजच्या नियमांनी पहिल्याच मिनिटात गामाच्या खात्यात दोन गुण पडले असते, आणि मग झ्बिस्कोला उठून लढावंच लागलं असतं!

गुण आले आणि पटाची किंमत वाढली. फ्रीस्टाइलमध्ये ताबा घेतला की दोन गुण, प्रतिस्पर्ध्याला रेषेबाहेर रेटलं की एक, दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच संपली.

चीनमध्ये १९७९ पासून सरकारी पुढाकाराने घडत गेलेल्या ‘सांदा’त हाच डाव वेगळ्या अंगाने येतो. तिथे ठोसे-लाथा चालतात, म्हणून पाय शोधत खाली झुकावं लागतंच असं नाही. लाथेबरोबर तो आपणहून हाती येतो. तो धरायचा आणि दुसरा पाय काढून पाडायचं. ही फेक तिथल्या जुन्या कुस्तीची, श्वाय-ज्याओची. मात्र मिठीत अडकून राहिलं की पंच सोडवतो, त्यामुळे फेक झटक्यात व्हावी लागते. स्वतः उभं राहून पाडलं तर दोन गुण, मंचावरून खाली घालवलं तरी दोन. तिथे पाठ लागली की पोट, कुणी पाहत नाही. जमिनीवरची झुंज मुळी नाहीच. आपल्या मल्लाची खरी विद्या जिथून सुरू होते, तिथे सांदाचा पंच दोघांना उभं करतो.

म्हणून अशी लढत पाहताना मी आधी नियम विचारतो, वस्तादाचं नाव मागून.